थांबता येणं : एका प्रयोगाची आणि त्याच्या अर्थाची पन्नास वर्षं

मुलांच्या आत्मनियंत्रणाचा विषय निघाला की मार्शमॅलोचा प्रयोग आलाच. चारेक वर्षांचं मूल, टेबलावर मार्शमॅलोसारखा मऊ, गोड खाऊ, आणि ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ असं सांगून खोलीबाहेर गेलेला संशोधक. जी मुलं थांबली ती पुढे यशस्वी झाली, हे त्याचं सर्वतोमुखी झालेलं तात्पर्य. गंमत अशी की, हा प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांना हे सिद्ध करायचंच नव्हतं. माणसाचं वागणं ठरीव स्वभावगुणांवरून सांगता येतं या समजुतीवर त्यांनी १९६८ मध्येच कडक टीका केली होती. परिस्थिती बदलली की वागणंही बदलतं, असं ते म्हणत.

त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत त्यांचे प्रयोग चालू होते. कोणतं मूल किती संयमी हे ठरवण्यापेक्षा थांबणं कशानं सोपं किंवा अवघड होतं, हे त्यांना पाहायचं होतं. खाऊ झाकून ठेवला की मुलं कितीतरी जास्त वेळ थांबत. मार्शमॅलो म्हणजे पांढरा ढग आहे अशी कल्पना करायला सांगितलं की थांबणं जमे. त्याच्या चवीचा विचार करायला सांगितलं की धीर सुटे.

पुढची कहाणी मात्र वेगळ्या वळणानं गेली. ही मुलं मोठी झाल्यावर मिशेल आणि सहकाऱ्यांनी पुन्हा त्यांचा माग काढला आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले: जास्त वेळ थांबलेल्यांना कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेत सरासरीनं जास्त गुण होते. पण मूळ प्रयोगांत ६५०हून अधिक मुलं होती आणि हा ठळक संबंध दिसला तो खाऊ उघडा ठेवलेल्या, कोणतीही युक्ती न सुचवलेल्या गटात. त्या गटातल्या अवघ्या ३५ जणांचे गुण हाती होते. संशोधकांनी स्वतः सावधगिरीचा इशारा दिला होता. तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. थांबणं समजून घेण्याचा प्रयोग मुलांचा संयम मोजण्याची परीक्षा होऊन बसला.

खरं तर या विषयाची मुळं याहून जुनी आहेत. सोव्हिएत रशियात व्हिगोत्स्की आणि लुरिया या मानसशास्त्रज्ञांनी भाषेकडे बोट दाखवलं होतं: मोठ्यांच्या सूचना मूल हळूहळू स्वतःला देऊ लागतं आणि त्यातून स्वतःला आवरायला शिकतं. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी टिपलेली बाळांची एक चूक तर आजही अभ्यासली जाते. नऊ-दहा महिन्यांच्या बाळासमोर एकाच जागी वस्तू बऱ्याचदा लपवा, मग त्याच्या डोळ्यांदेखत दुसरीकडे ठेवा. बाळ पहिल्याच जागी हात घालतं. संशोधक एडेल डायमंड यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की, लपवणं आणि शोधणं यांत वेळेचं जितकं अंतर ठेवूनही बाळ चुकत नाही, ते अंतर साडेसात महिन्यांच्या सुमारास दोनेक सेकंद असतं आणि वर्षाचं होईतो दहाच्या आसपास जातं. प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या भागाला, इजा झालेली माकडंही तशीच चुकतात, हेही त्यांच्या कामातून पुढे आलं. म्हणजे प्रश्न निव्वळ समजुतीचा नव्हता. आठवण धरून ठेवणं आणि सवयीचा हात आवरणं या दोन गोष्टी एकदम साधायच्या होत्या.

मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांचा पत्त्यांचा खेळ मला यातला सर्वांत बोलका वाटतो. मूल आधी रंगानुसार पत्ते लावतं, मग आकारानुसार लावायला सांगतात. तीन वर्षांच्या मुलाला विचारलं तर नवा नियम ते बरोबर सांगतं, पण पत्ता ठेवतं रंगानुसारच! पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हे जमू लागतं. ‘कळतं पण वळत नाही’ याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

मार्शमॅलोकडे परत जायचं तर, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक साधी भर घातली. २८ मुलांपैकी निम्म्यांना आधी चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देतो म्हणून सांगितलं आणि दिलंच नाही; उरलेल्यांना दिलं. नंतरच्या प्रयोगात शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवलेली तीनच. शब्द न पाळणाऱ्याच्या भरवशावर थांबण्यात शहाणपण नाही, एवढं त्या मुलांना नक्की कळलं होतं.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. त्यांचा भर आई पदवीधर नसलेल्या मुलांवर होता. थांबणं आणि पंधराव्या वर्षीची शैक्षणिक कामगिरी यांतला संबंध जुन्या अभ्यासाच्या निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि लहानपणीची बौद्धिक क्षमता हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा विरला.

याचा अर्थ आत्मनियंत्रण बिनमहत्त्वाचं असा नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांच्या अभ्यासात बालपणीच्या आत्मनियंत्रणाचा बत्तिसाव्या वर्षीच्या आरोग्याशी आणि आर्थिक स्थितीशी संबंध आढळला, तोही कुटुंबाचा आर्थिक स्तर आणि बुद्ध्यंक लक्षात घेऊन. मात्र तिथलं मोजमाप एका खोलीतल्या काही मिनिटांचं नव्हतं. पालक, शिक्षक, निरीक्षक आणि मुलं स्वतः यांनी कित्येक वर्षं नोंदवलेल्या माहितीवर ते उभं होतं.