मिसिसिपी जॉन हर्ट : सापडण्याआधी ते कुठे होते?

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातले काळे गायक-गिटारवादक जॉन हर्ट यांच्यावरचं लेखन बहुधा 1928 ला सुरू होतं आणि एका ढांगेत 1963 ला पोचतं. मधल्या 35 वर्षांत एकही रेकॉर्ड नाही, म्हणून ती वर्षं कुणी मोजत नाही. त्या वर्षांना नाव काय द्यायचं, घोळ सगळा तिथेच आहे.

1928 चं थोडक्यात. फेब्रुवारीत मेम्फिस आणि डिसेंबरात न्यूयॉर्क, अशी दोनदा रेकॉर्डिंग झाली. हर्ट यांची शिफारस केली होती त्यांच्याच भागातल्या एका गोऱ्या फिडलवादकाने. त्याचा नेहमीचा गिटारवाला आला नाही की नाचाच्या रात्री हर्ट त्याला साथ करत. रेकॉर्ड खपावी म्हणून कंपनीने नावाआधी ‘मिसिसिपी’ चिकटवलं, तरी ती फारशी खपली नाही. पुढच्याच वर्षी मंदी आली. हर्ट अ‍ॅव्हलॉन या आपल्या गावातच वाट्याने शेती करत राहिले आणि शनिवारी गावात वाजवत राहिले.

पुढे 1952 मध्ये जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक मोठा संच निघाला. त्यात हर्ट यांची दोन गाणी होती, पण गायकांचा वर्ण मुद्दाम छापलेला नव्हता. हा डोंगराकडचा गोरा गायक असावा, असं कित्येकांना वाटलं. यात ऐकणाऱ्यांची फार चूक नव्हती. अंगठा जाड तारांवर आलटून पालटून ठेका धरतो, दोन बोटं वर चाल वाजवतात आणि आवाज कधी चढत नाही; मिसिसिपीच्या डेल्टा भागातल्या ब्लूजचा, म्हणजे तिथल्या काळ्यांच्या गाण्यांचा, खरखरीतपणा इथे नाहीच. हर्ट बॅलड (गोष्ट सांगणारी गाणी), भजनं, नाचाची गाणी, सगळंच गात. ‘ब्लूज गायक’ हे लेबल मुख्यतः कंपन्यांच्या कॅटलॉगचं. काळ्यांच्या रेकॉर्ड तेव्हा वेगळ्या यादीत विकल्या जात आणि त्या यादीत ब्लूजला मागणी होती.

आता 1963. वॉशिंग्टनमधल्या दोन तरुण संग्राहकांनी ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ नीट ऐकलं. न्यूयॉर्कच्या मुक्कामात गायलेल्या त्या गाण्यात हर्ट अ‍ॅव्हलॉनला आपलं गाव म्हणतात. चालू नकाशांत ते गाव सापडेना. एका जुन्या अ‍ॅटलसमध्ये ग्रीनवुड आणि ग्रेनाडाच्या मध्ये सापडलं. त्यांच्यापैकी एक जण तिथे गेला आणि विचारल्यावर लोकांनी सरळ घर दाखवलं. हर्ट यांच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारसुद्धा नव्हती.

याला तेव्हापासून ‘पुनर्शोध’ म्हणतात. हा शब्द मला कधी पटला नाही. पत्ता गाण्यातच होता, माणूस त्याच पत्त्यावर होता, गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. हरवलं होतं ते संग्राहकांचं लक्ष. पण शब्दाचा परिणाम व्यवहारावर होतो. ‘शोधणारा’ म्हटला की त्याचा हक्क आपोआप उभा राहतो. शोधणाऱ्यांच्या छोट्या कंपनीशी झालेल्या करारात मिळकतीचा अर्धा वाटा कंपनीकडे होता. बचाव करणारे म्हणतात, हे तरुण नसते तर अर्धाही मिळाला नसता. खरं आहे. तरी जवळजवळ आयुष्यभर अर्ध्या वाट्यावर कापूस पिकवलेल्या माणसापुढे पुन्हा अर्ध्याचाच कागद यावा, हे खुपतं. त्या करारावरून हर्ट यांच्या मृत्यूनंतर कोर्टकचेऱ्याही झाल्या.

शब्द मात्र रूढ झाला. जून 1964 मध्ये आणखी दोन जुने गिटारवादक ‘सापडले’, एक मिसिसिपीतल्याच ट्युनिकाच्या इस्पितळात, दुसरा पार न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये. त्याच महिन्यात मिसिसिपीत तीन नागरी हक्क कार्यकर्ते बेपत्ता झाले. ऑगस्टमध्ये त्यांचे मृतदेह मिळाले. गिटारवाल्यांच्या शोधाच्या सुरस कथांत ही बाजू क्वचित येते.

हर्ट यांना ‘सापडल्या’नंतर सुमारे साडेतीन वर्षं मिळाली. 1963 च्या जुलैत न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव झाला, मग कॉफीहाऊसं, विद्यापीठं आणि नव्या रेकॉर्ड. त्यांच्या कॉफीवरच्या गाण्यातल्या दोन शब्दांवरून न्यूयॉर्कच्या एका रॉक बँडने आपलं नाव घेतलं. 2 नोव्हेंबर 1966 ला ग्रेनाडात ते वारले. अ‍ॅव्हलॉनचं घर नातीने संग्रहालय म्हणून जपलं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये ते जळून गेलं.