पंखात हवा भरली म्हणजे तो फुगा होत नाही!

कामशेतच्या पॅराग्लायडिंगचे रील्स भरपूर फिरत असतात आणि खाली कोणीतरी हमखास लिहितं की पंखात हवा भरलीय म्हणून तो तरंगतो. अहो, आतली हवा दाबलेली असते, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जडच! माणसाला उचलतो तो पंखाचा आकार, आणि आतली हवा फक्त कापडाला तो आकार धरायला लावते.

कामशेतजवळच्या शेलारच्या टेकऑफला (उड्डाणाच्या जागी) पायलट विंग, म्हणजे कापडी पंख, पसरत असेल तर जवळ जाऊन बघा (विचारून, आणि लाईन्सवर, म्हणजे पंखाच्या दोऱ्यांवर, पाय न देता). पुढच्या कडेला ओळीने लांबट तोंडं असतात, मागची कड मात्र पूर्ण शिवलेली. वारा आत शिरतो, पुढे वाट नाही, मधल्या रिब्जना (आतल्या उभ्या कापडी पडद्यांना) भोकं आहेत म्हणून शेजारच्या सेलमध्ये, म्हणजे कप्प्यात, पसरतो आणि बघता बघता विंग डोक्यावर उभी. डोमिना जालबर्ट या अमेरिकन पतंगवाल्याला १९६६ साली या कल्पनेचं पेटंट मिळालं.

आतला दाब किती? ताशी ३६ किमी वेग धरला तर जेमतेम ६० पास्कल, म्हणजे ६ मिलिमीटर पाण्याचा दाब. बोट लावलं की कापड आत जातं. तरी ते पुरतं, कारण २५ चौरस मीटरच्या विंगखाली सगळं मिळून १०० किलो वजन असलं तर चौरस मीटरला ४ किलोच येतात, आणि तेही शेकडो मीटर बारीक लाईन्समध्ये वाटलेले. पंखाला स्वतः वाकण्याला तोंड द्यावंच लागत नाही.

पण त्या लाईन्स हवेला अडवतात, आणि तिथेच ग्लाईड, म्हणजे उतरता उतरता पुढे जाण्याचं अंतर, मार खाते. साधारण पॅराग्लायडर १ किमी उंचीवरून ९-१० किमी जातो, चांगलं फायबरचं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) ४० च्या पुढे. मग लाईन्स काढून टाका आणि पंखात पंपाने दणकून हवा भरा ना! इथे माझा आवडता भाग सुरू होतो.

जत्रेतला लांब फुगा दोन्ही टोकांना धरून हळूहळू वाकवा. आतल्या बाजूला आधी सुरकुती पडते आणि मग तो एकदम मोडतो. कापड ताण घेतं, दोन्हीकडून आत ढकललं की मात्र लगेच गोळा होतं. आतल्या हवेने ते आधीच ताणून ठेवलेलं असतं म्हणून थोडं वाकणं सोसतं, तो ताण संपला की खेळ संपला. नळी किती वाकणं सोसेल हे दाब गुणिले त्रिज्येचा घन असं ठरतं, म्हणजे त्रिज्या निम्मी केली तर ताकद एक-अष्टमांश!

आता पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर येते, भोवरे होतात, त्यात ऊर्जा जाते, त्याला इंड्यूस्ड ड्रॅग म्हणतात. तो कमी करायचा तर पंख लांब आणि अरुंद हवा, आणि अरुंद पंख पातळही होतो. तेवढंच क्षेत्रफळ आणि वजन ठेवून लांबी-रुंदीचं गुणोत्तर दुप्पट केलं, तर लांबी १.४ पट होते म्हणून मुळाशी वाकणं १.४ पट, जाडी १.४ पटीने घटते म्हणून ताकद २.८ पटीने कमी, म्हणजे दाब चौपट हवा. कापडावर आणि शिवणींवर ताण २.८ पट. (हे कागदावर मांडून बघा, मजा येते.)

लोकांनी करून बघितलंय. गुडइयर या टायरवाल्यांनी १९५६ मध्ये बारा आठवड्यांत फुगवायचं अख्खं विमान बनवलं, दाब २५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड), कारच्या टायरपेक्षा थोडा कमी. पंख जाड आणि आखूड, कारण वरचेच हिशोब. नासाने २००१ साली लहान ड्रोनचा पंख उडता उडता सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात फुगवला, पण आतल्या नळ्यांमध्ये दाब १५० पीएसआयच्या वर, आणि पंखाची लांबी फक्त १.६ मीटर. कमेंटमध्ये आपले लोक लगेच पुष्पक विमान काढतात. कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामीच राहायची म्हणे, मग चौरस मीटरला वजन किती पडायचं ते तेवढं सांगा कोणीतरी!

माझ्या मते फायदा अधल्यामधल्या रस्त्यात आहे, आणि स्पर्धेच्या विंग्ज तिकडेच गेल्यात. लाईन्सच्या दोनच रांगा ठेवायच्या आणि मधलं वाकणं आत शिवलेल्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर टाकायचं. शिवाय २०१० नंतर शार्कनोज आला. हवेचा दाब सगळ्यात जास्त असतो ती जागा पंखाचा कोन बदलला की पुढेमागे सरकते. म्हणून तोंडं थोडी खाली-मागे नेऊन नाकाखाली खोलगट वळण दिलं, त्यामुळे वेगात नाक खाली गेलं तरी आतला दाब टिकतो. तरीही दोन रांगांची विंग कोलॅप्स झाली, म्हणजे हवेतच दुमडली, की झटके मोठे देते, म्हणून शिकाऊ माणसाच्या हातात ती कोणी देत नाही.