श्रीखंडातली साखर किती कमी करता येते?

पाडव्याला किंवा दसऱ्याला घरी श्रीखंड करायचे ठरले की बहुतेक घरांत एकच प्रमाण सांगितले जाते: जेवढा चक्का तेवढी साखर. एक लिटर दुधाचे दही टांगून साधारण ३०० ग्रॅम चक्का निघाला आणि त्यात तेवढीच साखर घातली, तर शंभर-शंभर ग्रॅमच्या सहा वाट्या होतात आणि प्रत्येक वाटीत ५० ग्रॅम साखर येते. बाजारातल्या श्रीखंडाची स्थिती याहून फार वेगळी नाही. भारतीय अन्नमानकांनुसार श्रीखंडातील पाणी वगळून उरलेल्या घन भागात साखर ७२.५ टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे दह्याचा पदार्थ म्हणून आपण जे खातो, त्याचा कोरडा भाग बहुतांशी साखरेचाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य असल्यास ५ टक्क्यांच्या आत आणावी. दोन हजार किलोकॅलरींचा आहार धरला तर या मर्यादा अनुक्रमे सुमारे ५० आणि २५ ग्रॅम येतात. गूळ, मध आणि फळांचा रस यांतील साखर या हिशेबात धरली जाते, मात्र दुधातली लॅक्टोज किंवा अख्ख्या फळातली साखर धरली जात नाही. बरोबरीच्या साखरेच्या श्रीखंडाची एक वाटी खाल्ली की सकाळच्या चहातली साखर मोजण्याआधीच दिवसाची वरची मर्यादा संपते.

आता त्याच ३०० ग्रॅम चक्क्यात १२० ग्रॅम साखर घातली, म्हणजे पाच भाग चक्क्याला दोन भाग साखर घेतली, तर एकूण श्रीखंड ४२० ग्रॅम होईल. सहा जणांत वाटल्यास प्रत्येकाला ७० ग्रॅमची वाटी मिळेल. तीत चक्का पूर्वीइतकाच, म्हणून प्रथिनेही पूर्वीइतकीच, पण साखर २० ग्रॅम. माणशी १२० किलोकॅलरी वाचल्या आणि वाटीतून जे गेले ती केवळ साखर होती. येथे पहिली शंका अर्थातच चवीची येते. परंतु या हलक्या श्रीखंडातही साखरेचे प्रमाण २८ ते २९ टक्के आहे आणि बाटलीबंद थंड पेयांत ते साधारण १० ते ११ टक्के असते, हे लक्षात घेतले तर खरा प्रश्न उलटा पडतो: एवढी साखर घालूनही श्रीखंड असह्य गोड का लागत नाही?

याचे एक कारण आंबटपणा आहे. आंबट आणि गोड या चवी एकमेकींची तीव्रता कमी करतात, त्यामुळे दह्यातील लॅक्टिक आम्ल जितके जास्त तितकी ते झाकायला साखर अधिक लागते. म्हणून साखर कमी करण्याचे काम साखरेच्या डब्यापाशी सुरू न करता विरजणापाशी सुरू करावे. विरजण ताजे आणि गोडसर घ्यावे, दही नीट लागताच ते फ्रिजमध्ये ठेवावे आणि चैत्रातल्या उन्हाळ्यात फडके रात्रभर नळाला बांधून ठेवण्याऐवजी चाळणीवर पसरून, खाली पातेले ठेवून, फ्रिजमध्येच निथळू द्यावे. टांगलेल्या दह्यातले जिवाणू उबदार हवेत रात्रभर आम्ल तयार करत राहतात, थंडीत त्यांचे काम मंदावते. गोड दह्याचा चक्का असेल तर पाचास दोन हे प्रमाण कोणाला सांगावेही लागत नाही. आंबट दह्याचा असेल तर पहिल्याच घासाला चोरी उघडी पडते.

दुसरे कारण तापमानाचे आहे. जिभेवरील गोड चव ओळखणाऱ्या पेशींत टीआरपीएम-५ नावाची एक वाहिनी असते आणि तिच्यामार्फत चवीचा संकेत पुढे जातो. ही वाहिनी १५ ते ३५ अंश सेल्सियसच्या दरम्यान तापमानाबरोबर अधिकाधिक क्रियाशील होते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आइस्क्रीम वितळल्यावर नकोसे गोड का लागते, याचा उलगडा त्यातून होतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या वाढलेले श्रीखंड कमी गोड लागते आणि मग पुढच्या वेळी साखर वाढवली जाते. त्याऐवजी ते जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढून ठेवणे पुरेसे असते. शेवयांची खीर किंवा शिरा गरम खाल्ला तर कमी साखरेत भागते, ते याच कारणाने.

वेलदोडा, जायफळ आणि केशर यांचे काम केवळ शोभेचे नाही. यांत साखर नसते, परंतु ज्या वासाची गोड चवीशी वर्षानुवर्षे सांगड बसलेली असते, तो वास आला की मेंदू त्याच पदार्थाला थोडा अधिक गोड ठरवतो. व्हॅनिला आणि स्ट्रॉबेरी यांच्या गंधाबाबत हे प्रयोगांत दिसले आहे आणि आपल्याकडे वेलदोड्याबाबत तसे नसण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र वेलदोडा ताजा कुटलेला हवा. डबीत महिनोन्महिने पडलेल्या पुडीतला गंध केव्हाच उडून गेलेला असतो. चिमूटभर मीठही गोडी उठावदार करते, हे पुरणात आणि खिरीत मीठ घालणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको.

साखर कमी केल्याने पोत बदलतो, आणि हा परिणाम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. साखर चक्क्यातल्या पाण्यात विरघळते, त्यामुळे द्रव भाग वाढतो आणि घट्ट चक्का सैल, चकचकीत होतो. साखर कमी पडली की श्रीखंड थोडे कोरडे आणि घट्ट राहते. त्यावर उपाय म्हणजे चक्का अगदी खडखडीत होईपर्यंत न निथळणे किंवा शेवटी चमचाभर दूध घालून पुरणयंत्रातून फिरवणे. आम्रखंडात हे आपोआप साधते, कारण आंब्याचा गर स्वतःचे पाणी आणि स्वतःची गोडी घेऊन येतो.

स्निग्धांशाचा विचार साखरेनंतर करावा, असे माझे मत आहे, जरी ‘हलके’ म्हटल्यावर बहुतेकांचा हात आधी सायीकडे जातो. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के आणि टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश असतो. तो जवळजवळ सगळा चक्क्यातच राहतो आणि निवळीबरोबर मुख्यतः पाणी, लॅक्टोज व काही खनिजे निघून जातात. सहा वाट्यांच्या हिशेबात दूध बदलल्याने माणशी सुमारे ५ ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे ४५ किलोकॅलरी वाचतात. साखर कमी केल्याने वाचणाऱ्या १२० किलोकॅलरींपुढे ही बचत लहान आहे, आणि तोंडात लोण्यासारखा विरघळणारा पोत त्या स्निग्धांशामुळेच येतो. टोन्ड दूध घेतलेच तर ते चांगले उकळून घ्यावे. उकळल्याने निवळीतली प्रथिने केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दही अधिक घट्ट लागते.

हेच तर्कशास्त्र सगळ्या गोड पदार्थांना सरसकट लावता येत नाही. श्रीखंड, खीर, शिरा, दुधी हलवा यांत साखर मुख्यतः गोडीसाठी असते, म्हणून तिथे ती निर्धास्त कमी करता येते. तिळाच्या वड्यांचे तसे नाही. तिथे पाक हाच पदार्थाला बांधून ठेवतो. गोळीबंद पाकाचे तापमान ११५ अंशांच्या आसपास जाते तेव्हा त्यात साखर साधारण ८५ टक्के आणि पाणी अगदी थोडे उरलेले असते. त्यात काटकसर केली तर वडी पडतच नाही, हाती तिळाचा चुरा येतो. अशा पदार्थांत प्रमाण तसेच ठेवून वड्या लहान पाडाव्यात. उकडीचा मोदक तळणीच्या मोदकापेक्षा हलका खरा, परंतु सारणातल्या ओल्या नारळात सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो, हे ‘उकडलेले म्हणजे कितीही’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

साखरेऐवजी गूळ घातला की प्रश्न सुटला, हा समज फार पसरलेला आहे. गुळात थोडे लोह आणि इतर खनिजे असतात, पण त्याचा मोठा भाग सुक्रोज म्हणजे साखरच असतो आणि ऊर्जाही जवळपास तेवढीच मिळते. खजुरात तंतू असतात ही जमेची बाजू, तरीही त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असल्याने त्याच्या बर्फीला ‘शुगर फ्री’ म्हणणे धाडसाचे आहे. कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरू नयेत, असे सुचवले. या सूचनेत स्टेव्हियाचाही समावेश आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना मात्र ही सूचना लागू नाही आणि त्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे.

जीभ कमी साखरेला सरावते का, याचा अभ्यास अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिने कमी साखर खाणाऱ्यांना तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग अधिक गोड लागू लागले. मात्र त्यांना आवडणारी गोडीची पातळी खाली आली नाही आणि बंधन उठल्यावर पूर्वीची सवय लवकरच परतली. म्हणून वर्षातून दोनदा होणाऱ्या श्रीखंडात एकदम मोठी कपात करून कुरबुर ओढवून घेण्यापेक्षा, रोजच्या चहाची साखर आधी उतरवणे आणि श्रीखंडाचे प्रमाण दरवेळी थोडे थोडे खाली आणणे अधिक व्यवहार्य आहे.

कमी साखरेच्या श्रीखंडाची एक अडचण राहतेच. भरपूर साखर पाणी धरून ठेवते आणि जंतूंना ते मिळू देत नाही, त्यामुळे बरोबरीच्या साखरेचे श्रीखंड फ्रिजमध्ये बरेच दिवस टिकते. पाचास दोन प्रमाणाचे श्रीखंड मात्र दोन-तीन दिवसांत संपवावे लागते. त्याला आंबूस किंवा यीस्टचा वास येऊ लागला, तर ते टाकून द्यावे. एकदाच मोठे पातेले भरून आठवडाभर पुरवायचे असेल, तर हे प्रमाण उपयोगाचे नाही. दूध एक लिटरच घ्यावे आणि सणाच्या आदल्या रात्री दही निथळत ठेवावे.