अध्यापक शिष्यवृत्ती

पुढे शाळेत शिकवायचं ठरवलेल्या विद्यार्थ्याची फी आणि कधी राहण्याजेवणाचा खर्च युनिव्हर्सिटी किंवा ट्रेनिंग कॉलेज उचलतं, आणि बदल्यात तो पास झाल्यावर ठरावीक वर्षं शाळेत शिकवीन असं लिहून देतो, ती ही शिष्यवृत्ती. बोलताना लोक 'बॉन्डची स्कॉलरशिप' म्हणतात आणि ते बरोबरच आहे, कारण बॉन्ड काढला तर ही बाकीच्या स्कॉलरशिपसारखीच एक उरते.

सुरुवात कुठे झाली यावर एकमत नाही. फ्रान्समध्ये ला साल या पाद्र्यांनी 1685 च्या सुमारास रँस इथे खेड्यातल्या मास्तरांसाठी वर्ग काढला, काही जण तिथून मोजतात, पण तो मुख्यतः प्रशिक्षणाचा वर्ग होता. जर्मनीत हाले इथे फ्रांके या पाद्र्यांनी 1690 च्या दशकात गरीब विद्यार्थ्यांना फुकट जेवण द्यायला सुरुवात केली, अट एवढीच की त्यांनी तिथल्या अनाथ आणि गरीब मुलांना शिकवायचं, आणि 1707 च्या निवडक वर्गात तर दोन वर्षं शिका नि पुढे तीन वर्षं शिकवा असा करारच आला. देणं आणि फेडणं दोन्ही इथे दिसतं, म्हणून हालेचा दावा जास्त पटतो. इंग्लंडमधली 1846 ची 'क्वीन्स स्कॉलरशिप' नावाने जास्त ओळखीची. त्यात साधारण 13 वर्षांचं मूल शाळेतच पाच वर्षं उमेदवारी करायचं, पहिल्या वर्षी 10 पौंड, पाचव्या वर्षी 20, आणि मग परीक्षा पास झालं की सरकारी खर्चाने ट्रेनिंग कॉलेज. 1854 च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाने, भारतासाठी हाच नमुना सुचवला.

आपल्याकडे मात्र मुंबईत 1845 लाच अध्यापन वर्ग सुरू होऊन बाळशास्त्री जांभेकर त्याचे प्रमुख झाले होते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेशीही नातं जोडता येतं, कारण त्याच फंडातून पुढे दक्षिणा फेलो नेमले गेले, रानडे आणि भांडारकर त्यातलेच, आणि फेलो शिकता शिकता शिकवायचे. पण ते शिकवणं कॉलेजातलं, गावच्या शाळेचं बंधन त्यात नव्हतं, त्यामुळे हे नातं लांबचंच म्हणावं लागेल.

आजचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं. 2002 च्या कायद्याने आलेल्या नॉइस शिष्यवृत्तीत नॅशनल सायन्स फाउंडेशन युनिव्हर्सिट्यांना पैसे देतं, त्या सायन्स-गणिताच्या मुलांना देतात, आणि एका वर्षाच्या मदतीमागे दोन वर्षं गरजू भागातल्या शाळेत शिकवावं लागतं. 2007 च्या टीच ग्रँटमध्ये वर्षाला जास्तीत जास्त 4000 डॉलर, आठ वर्षांत चार वर्षं शिकवणं, नाहीतर त्या पैशांचं व्याजासकट कर्ज होतं. प्रत्यक्षात शाळेत शिकवणाऱ्यांचीही केवळ फॉर्म उशिरा गेला म्हणून कर्जं झाली, ती नंतर दुरुस्त करावी लागली. योजना आखणाऱ्यांनी हा भाग आधी वाचायला हवा.

आता गोव्यात मास्तर कसे तयार होत आले ते पाहू. पोर्तुगीज काळात पणजीला 'एस्कोला नॉर्माल' ही मास्तर घडवणारी शाळा होती, तीही पोर्तुगीज शिक्षणासाठी. मराठी शाळा लोकांनीच चालवल्या, 1908 च्या सुमारास निघालेल्या पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचं नावच घरोघरच्या मूठभर तांदळावरून आलं. 1961 नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, तेव्हा बरेच मास्तर शेजारच्या, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून आले. शिक्षक प्रशिक्षणासाठी पणजीची निर्मला इन्स्टिट्यूट 1963 ची, फोंड्याला दादा वैद्य कॉलेज, पर्वरीला डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. 1985 ला गोवा युनिव्हर्सिटी झाली, त्याआधी कॉलेजं मुंबई युनिव्हर्सिटीकडे होती.

पैशाची गरज कुठे लागते ते बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये दिसतं. दोन वर्षांच्या कोर्समध्ये निदान 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. काणकोणहून पहाटेची कदंबा बस पकडून आलेली मुलगी, हातात पाठ टाचणाची वही आणि पुठ्ठ्याचं घड्याळ, मागच्या बाकावर निरीक्षणाचा फॉर्म घेऊन बसलेल्या मॅडम, आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ट्यूशन घ्यायची वेळ निघून गेलेली. जी मुलगी त्या ट्यूशनवर फी भरत होती, तिची कमाई नेमकी याच आठवड्यांत थांबते.