तानेतला हात आणि चांदीचे चार अणू

सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत रात्रभर चालायचा त्या दिवसांतली गोष्ट. डिसेंबरची थंडी, शाली, कानटोप्या, मध्यरात्रीचा चहा, आणि मी स्टेजच्या डाव्या अंगाला खाली मांडी घालून बसलेलो, गळ्यात जुना एसएलआर (आत आरसा असलेला फिल्म कॅमेरा), त्याला ८५ एमएमची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं), खिशात ब्लॅक अँड व्हाइटचे दोन रोल. फ्लॅशचा प्रश्नच नव्हता. डोळे मिटून विलंबित मांडणाऱ्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश उडवला तर शेजारचे पुणेकर काय म्हणतील ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर उजेड किती? भर उन्हात ४०० स्पीडच्या (स्पीड म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन जागते ते) फिल्मला एफ १६ आणि १/४०० सेकंद पुरतात, त्याच फिल्मला अशा स्टेजवर एफ २.८ आणि १/६० लागतं, म्हणजे हिशोब केला तर जवळजवळ २०० पट कमी उजेड. आपल्याला हे जाणवतच नाही कारण डोळा गुपचूप जुळवून घेतो, त्याला स्टेज लख्ख वाटतं. फिल्मला ती सोय नाही.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात (त्यात थोडं आयोडाइडही असतं). फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, स्फटिकात शिरला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो स्फटिकावरच्या एखाद्या ठरलेल्या जागी अडकतो, तिकडे चांदीचा आयन ओढला जातो आणि चांदीचा एक सुटा अणू तयार होतो. गर्नी आणि मॉट या दोघांनी १९३८ साली हे कोडं सोडवलं. पण एकटा अणू फार टिकत नाही, परत मोडतो. दोन जमले तर तग धरतात, आणि साधारण चार एका जागी जमले की त्या स्फटिकाचं काम झालं, डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, गेल्यावर त्यातले अब्जावधी आयन सगळेच्या सगळे काळी चांदी होतात. चार अणूंवर अब्जावधींचा निकाल! आपल्याकडे एवढं मोठं व्याज कुठली पतपेढीसुद्धा देत नाही.

ती 'ठरलेली जागा' कुठून येते याची मजा वेगळीच आहे. जुन्या काळी काही जिलेटिनची फिल्म फास्ट निघायची, काहींची मठ्ठ, का ते कुणाला कळेना. १९२५च्या सुमाराला कोडॅकच्या शेपर्डने शोधलं की जिलेटिन ज्या जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनतं त्यांनी मोहरीसारखी झाडं खाल्लेली असली की त्यातलं गंधकाचं संयुग जिलेटिनमध्ये उतरतं, आणि त्या गंधकामुळे स्फटिकांवर इलेक्ट्रॉन पकडणारे बारीक ठिपके तयार होतात. म्हणजे फोडणीतली मोहरी तडतडते ती वेगळी, ही फिल्ममध्ये तडतडली.

आता पुश करणं. ४०० ची फिल्म १६०० समजून शूट करायची, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), चौपट कमी उजेड, आणि मग डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. एचपी५ प्लस ही ४०० ची फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशाला साडेसात मिनिटं धुतात, १६०० ला १४ मिनिटं. लोकांना वाटतं यानं फिल्मचा स्पीड वाढला. नाही वाढत, म्हणजे अगदी थोडा वाढतो, कारण काठावर असलेले काही स्फटिक जास्त वेळ मिळाल्यावर पास होतात. पण ज्याच्यावर एकही अणू जमला नाही त्याला १४ काय ४० मिनिटं ठेवा, तो कोराच. जास्तीच्या डेव्हलपमेंटने चेहरा, पांढरा कुर्ता, जिथं उजेड पडलाय ते सगळं वर येतं, सावली जिथल्या तिथे. म्हणून पुश केलेल्या फोटोत कॉन्ट्रास्ट करकरीत होतो आणि ग्रेन, म्हणजे चांदीच्या कणांचा खरखरीतपणा, डोळ्यात भरते. बॉक्सवर ३२०० लिहिलेल्या इल्फर्ड डेल्टा फिल्मचा खरा स्पीड तिच्या कंपनीच्याच कागदावर १००० आहे, बाकीचं पुशच्या जोरावर.

हे मला पुस्तकातून नाही, एका लॅबच्या कृपेने कळलं. रोलवर १६०० असं मार्करने ठळक लिहून दिलं होतं, त्यांनी नेहमीच्या रोलांबरोबर धुवून टाकला. निगेटिव्ह हातात आली तर नुसती भुतं, चेहऱ्यांची पुसट सावली आणि बाकी काच. तेव्हापासून घरीच धुतो, बाथरूममध्ये, आणि मे महिन्यात पाणी २० अंशावर आणायला फ्रीजमधला बर्फ पळवतो, त्यावरून घरात बोलणी खातो.

उजेड मोजणारा मीटरही फसवतो. त्याला समोर काहीही दाखवा, तो ते १८ टक्के परावर्तन देणारं राखाडी आहे असं धरून चालतो, आणि गवयाच्या मागे असतो हा भला मोठा काळा पडदा. मीटर बिचारा पडदा राखाडी करायला जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. स्पॉट मीटर (एकाच छोट्या जागेचा उजेड मोजणारा) असेल तर सरळ गालावर धरायचा, गव्हाळ चेहरा त्या राखाडीपासून फार लांब नसतो. हल्लीच्या निळ्या एलईडीत चेहरा डोळ्याला अंधारलेला वाटतो पण फिल्मला निळा आवडतो, सिल्व्हर ब्रोमाइड मुळातच निळ्याला जागतं, लाल-हिरवं तर वरून लावलेल्या रंगद्रव्यांमुळे दिसतं. गडद लालमध्ये मात्र फिल्म आंधळी होत जाते.

आणि हात. तान घेताना गवयाचा हात सेकंदाला एक मीटर सरकला असं धरलं तर १/६० सेकंदात तो दीड-पावणेदोन सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, बोटांचा नुसता धूर. पण झोका टोकाला पोचला की क्षणभर थांबतो ना, तसा हाताचाही वेग टोकाला शून्य होतो, आणि बहुतेकदा ते टोक समेच्या आसपास येतं. ताल मोजता येत असेल तर १/६० मध्येही पाचही बोटं स्वच्छ मिळतात. शिवाय समेला लोक दाद देतात त्यात आरशाचा खटका बुडून जातो, हा बोनस. फोकसचं मात्र नशीब, एफ १.८ ला चार मीटरवरून जेमतेम वीतभर खोली स्पष्ट येते, बुवा गाता गाता पुढे झुकले की संपलं. तबलजीच्या बोटांचा नाद मी सोडून दिलाय, धूर तर धूर.

त्या वर्षीची एकच फ्रेम अजून जपून ठेवलीय. वर उचललेला हात, कपाळावरचा घाम, शालीची किनार, सगळं आहे. मागे तानपुऱ्यावर दोन जण होते. निगेटिव्ह खिडकीसमोर धरली की त्या जागी फिल्म नितळ पारदर्शक दिसते आणि पलीकडचं आंब्याचं झाड.