फिलिंगचा कोपरा तुटला, म्हणून सगळंच उकरायचं का?

गेल्या हिवाळ्यात सोलापूरच्या पूर्वभागातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. रुमालाच्या गाठीत तांदळाच्या कणीएवढा पांढरट तुकडा जपून आणला होता. कडक भाकरी चावताना खालच्या दाढेतून तो निघाला होता. सात-आठ वर्षांपूर्वी भरलेल्या फिलिंगचा कोपरा होता तो.

"एक कोपरा गेला म्हणजे बाकीचंही जाणारच की, डॉक्टर. सगळं काढा आणि नवीनच भरा."

मी आरसा धरून पाहिलं. गालाकडच्या कडेला खाच पडली होती, पण उरलेलं फिलिंग घट्ट होतं. एक्स-रे काढला, खाली कीड नव्हती. "मावशी, तुटलंय तेवढंच भरू," असं म्हटलं, तर त्यांना ते पटेना. अर्धवट काम करून डॉक्टर परत बोलावणार, ही शंका चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. ही शंका मला वरचेवर भेटते. ती दूर करणं मला दाढ भरण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

फिलिंग बदललं की पैसे जातात, हे सगळ्यांना कळतं. दाताचंही काही जातं, हे मात्र कोणी सांगत नाही. दातावरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने ते सुमारे 96 टक्के खनिज असतं. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. म्हणून मोडलेलं हाड जुळतं, पण घासलं गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. जुनं फिलिंग ड्रिलने काढताना कितीही जपलं तरी कडेचा थोडा निरोगी दात निघतोच. दाताच्या रंगाच्या फिलिंगमध्ये तर हे जास्त होतं, कारण पाण्याच्या फवाऱ्यात फिलिंग कुठे संपलं आणि दात कुठे सुरू झाला हे डोळ्यांना नीट दिसत नाही. खड्डा दर वेळी मोठा होतो. भिंती पातळ होतात, नस जवळ येते. आज छोटं फिलिंग, काही वर्षांनी मोठं, मग रूट कॅनॉल, मग कॅप, आणि शेवटी दाढ काढणं. ही उतरण अनेक दातांनी पाहिलेली आहे.

मग सगळं काढून नव्याने भरण्याची सवय लागली कुठून? ती चांदीच्या फिलिंगच्या काळातली आहे. आपण जिला चांदी म्हणतो, तिच्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो आणि बाकी चांदी, कथील, तांबं. हे मिश्रण दाताला चिकटत नाही, नुसतं अडकून बसतं. त्यासाठी खड्डा आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरावा लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी खड्डा कोरण्याचे नियम घालून दिले. पुढे कीड लागू नये म्हणून शेजारचा चांगला भागही आधीच कोरून घ्यायचा, अशी त्यांची शिकवण होती. त्या काळच्या साधनांचा विचार करता ती योग्यच होती. 1955 मध्ये अमेरिकेतलेच दंतसंशोधक मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावलं तर त्यावर प्लास्टिकसारखा पदार्थ घट्ट धरून बसतो. तिथून चिकटवण्याचं युग सुरू झालं, आणि जे चिकटतं ते जुन्याला जोडताही येतं.

जोडणं ऐकायला सोपं आहे, करायला नाही. ताज्या कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या पदार्थाचा, वरचा थर किंचित चिकट राहतो, म्हणून त्यावर पुढचा थर सहज बसतो. वर्षानुवर्षं लाळेत भिजलेल्या फिलिंगमध्ये ती चिकटण्याची ताकद उरलेली नसते. म्हणून आधी ड्रिलच्या बारीक हिऱ्याच्या टोकाने, म्हणजे बरने, त्याचा पृष्ठभाग खरवडायचा, काही ठिकाणी अॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करतात. मग साधारण 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाचं जेल लावायचं. ते धुतल्यावर इनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं, म्हणजे काम झालं. कंपोझिटमध्ये काचेचे सूक्ष्म कण असतात. एका हाताने काच आणि दुसऱ्या हाताने नवं राळ धरून ठेवणारं सिलेन त्यावर लावतात, वर बाँड म्हणजे चिकटवणारा पातळ द्रव, आणि मग नवं कंपोझिट निळ्या प्रकाशाखाली घट्ट करायचं. या सगळ्यात दात पूर्ण कोरडा हवा. लाळेचा एक थेंब शिरला तर जोड कच्चा राहतो. मावशींना हे सांगत होतो, तेव्हा त्या मध्येच म्हणाल्या, "म्हणजे रफूच म्हणा की!" टॉवेलच्या मागावर काम केलेल्या बाईला याहून जास्त समजावण्याची गरज नव्हती.

यात एक फसगत नेहमी होते. फिलिंगच्या कडेला काळी रेघ दिसली की माणूस घाबरतो. पण मिश्री, तंबाखू, चहा यांचा डागही नेमका तिथेच बसतो. डाग म्हणजे कीड नव्हे. पुष्कळदा पॉलिश केलं की ती रेघ निघून जाते.

दुरुस्ती सगळीकडे चालत नाही, हेही तितकंच खरं. कीड फिलिंगच्या खाली पसरली असेल, अख्खं फिलिंगच हलत असेल, दाताला तडा गेला असेल, तर ते काढावंच लागतं. रात्री आपोआप ठणका लागत असेल तर प्रश्न दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचलेला असतो, तिथे वरवर भरून भागत नाही.

दुरुस्तीचा पुरावा किती पक्का आहे? 2014 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने दुरुस्ती विरुद्ध बदल यांची नीट तुलना करणाऱ्या यादृच्छिक चाचण्या, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणारे अभ्यास, शोधल्या. निकषात बसणारी एकही सापडली नाही. पण दवाखान्यांतली निरीक्षणं बोलकी आहेत. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संशोधन-जाळ्यातून 2015 मध्ये आलेल्या एका अभ्यासात, उपचारानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा काही करावं लागलंच, तर फिलिंग बदललेल्या दातांना लागलेले उपचार अधिक मोठे होते. जागतिक दंतवैद्यक संघटना, एफडीआय, हिनेही 2019 मध्ये दुरुस्तीच्या बाजूने भूमिका जाहीर केली. माझ्या मते, जिथे दोन्ही शक्य आहे तिथे कमी कोरणारा मार्ग आधी घ्यावा. दुरुस्ती फसली तर नंतर बदलता येतं, कोरलेला दात मात्र परत लावता येत नाही.

मावशींच्या दाढेचं काम अर्ध्या तासात झालं, सुईही द्यावी लागली नाही. सहा महिन्यांनी त्या आल्या तेव्हा मी जुन्या-नव्याच्या सांध्यावरून प्रोबचं, म्हणजे दात तपासायच्या सळीचं, टोक हळूच फिरवलं. कुठेही अडकलं नाही.