‘पीटीएसडी कोच’ : माजी सैनिकांच्या हाती आलेल्या अ‍ॅपची पार्श्वभूमी

युद्धातून परतलेल्या सैनिकाच्या मनावरील आघाताला अमेरिकेत ‘पीटीएसडी’ (पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार) या नावाने स्वतंत्र निदान म्हणून मान्यता मिळाली ती १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्ध संपून पाच वर्षे झाल्यावर. त्याच्या आदल्याच वर्षी तेथील सरकारने माजी सैनिकांसाठी वेगळी समुपदेशन केंद्रे सुरू केली होती. ही केंद्रे सरकारी रुग्णालयांच्या आवाराबाहेर, भरवस्तीत ठेवण्यात आली आणि तेथील नोंदीही रुग्णालयाच्या कागदपत्रांपासून अलग राखण्यात आल्या, कारण व्हिएतनामहून आलेल्या अनेकांचा सरकारी यंत्रणेवर विश्वास उरला नव्हता. आपले दुखणे कोणाच्या दप्तरी लागेल, ही सैनिकाची धास्ती पुढे मोबाइलच्या काळातही तशीच राहिली, आणि अ‍ॅपची रचना ठरवताना तीच सर्वांत वजनदार ठरली.

अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांनी हा प्रश्न नव्याने उभा केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की ज्या सैनिकांच्या उत्तरांवरून मानसिक विकाराची लक्षणे स्पष्ट होत होती, त्यांच्यापैकी अवघ्या २३ ते ४० टक्के जणांनीच उपचारांसाठी कोणाची मदत घेतली होती. उरलेल्यांना आपण दुबळे ठरू, आपल्या तुकडीचा आपल्यावरचा भरवसा उडेल, अशी भीती होती. तिला व्यवहारातही आधार होता. गोपनीय कामासाठी लागणाऱ्या सुरक्षा परवान्याच्या अर्जात मानसिक उपचारांविषयी थेट प्रश्न विचारला जात असे. युद्धानंतरच्या जुळवणीसाठी घेतलेले समुपदेशन त्यात नोंदवण्याची गरज नाही, अशी सूट २००८ मध्ये देण्यात आली. दरम्यान २००७ मध्ये माजी सैनिकांसाठी आत्महत्या प्रतिबंधाची दूरध्वनी सेवा सुरू झाली, दोन वर्षांनी तिला ऑनलाइन गप्पांची आणि २०११ मध्ये मजकूर-संदेशांची जोड मिळाली.

त्याच २०११ च्या एप्रिलमध्ये ‘पीटीएसडी कोच’ हे मोफत अ‍ॅप आले. माजी सैनिकांचे आरोग्य पाहणारे खाते आणि संरक्षण खाते यांच्या दोन केंद्रांनी मिळून ते तयार केले. त्यात आजाराची माहिती होती, लक्षणे मोजण्याची प्रश्नावली होती, छातीत धडधड सुरू झाली किंवा एखाद्या आवाजाने जुना प्रसंग डोळ्यांपुढे आला तर त्या क्षणी करण्याजोगे श्वसनाचे व स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम होते आणि मदतीचे क्रमांक होते. आपल्या माणसांची छायाचित्रे, आवडती गाणी, जवळच्यांचे क्रमांक वापरणाऱ्याला स्वतःच त्यात ठेवता येत. शहरापासून दूर, रुग्णालयापर्यंत तासन्‌तास गाडी चालवावी लागणाऱ्या भागात राहणाऱ्या माजी सैनिकांसाठी या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

वाद झाला तो एका निर्णयावर. या अ‍ॅपमध्ये खाते उघडावे लागत नाही, नाव विचारले जात नाही आणि प्रश्नावलीची उत्तरे फोनमध्येच राहतात. डॉक्टरकडे किंवा सरकारी नोंदींत ती आपोआप जात नाहीत. याचा अर्थ असा, की मध्यरात्री एखाद्याचे प्रश्नावलीतील गुण धोक्याच्या पातळीवर गेले, तरी अ‍ॅप त्याला तातडीचा क्रमांक दाखवू शकते, पण पलीकडे कोणालाही जागे करू शकत नाही. आत्महत्यांची चिंता ज्या समाजात इतकी खरी आहे, तेथे हे साधन मुद्दाम आंधळे ठेवले, हा टीकाकारांचा आक्षेप हलका नाही. शिवाय रुग्णालयात भरलेली माहिती आणि घरी मोजलेली लक्षणे एकत्र आली असती, तर उपचार करणाऱ्याला दोन भेटींमधील आठवडे दिसले असते. तरीही प्रस्तुत लेखकाला तो निर्णय योग्य वाटतो. उत्तरे कुठेतरी पोहोचतात अशी नुसती शंका आली असती, तर नोकरीची, बढतीची किंवा अपंगत्वाच्या भत्त्याची चिंता असलेल्या माणसाने ती खरी भरली नसती, आणि ज्याला मदतीची सर्वाधिक गरज होती त्याने अ‍ॅप उघडलेही नसते. खोट्या उत्तरांवर उभारलेली पाळत कोणाचा जीव वाचवत नाही.

या निर्णयाची किंमत संशोधनाला मोजावी लागली. गुण कोणाकडे जमाच होत नसल्याने अ‍ॅपचा उपयोग पारखण्यासाठी वेगळ्या चाचण्या घ्याव्या लागल्या. ४९ जणांच्या प्राथमिक चाचणीत, अ‍ॅप मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात ठोस फरक दिसला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० जणांच्या चाचणीत मात्र तीन महिने अ‍ॅप वापरणाऱ्यांची लक्षणे अ‍ॅपच्या प्रतीक्षेत ठेवलेल्यांपेक्षा अधिक कमी झाली. हे सहभागी सर्वसाधारण आघातग्रस्त नागरिक होते, केवळ माजी सैनिक नव्हते, हे निष्कर्ष सांगताना वारंवार गाळले जाते.

पुढची अ‍ॅप्स उपचारकाला सोबत घेणारी होती. आघाताच्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणाऱ्या उपचारपद्धतीत प्रत्येक सत्राचे ध्वनिमुद्रण घरी ऐकायचे असते. पूर्वी त्यासाठी वेगळे टेपरेकॉर्डर लागत, ‘पीई कोच’ या अ‍ॅपने (‘पीई’ हे याच उपचारपद्धतीचे इंग्रजी लघुरूप) ते काम फोनवर आणले. झोपेच्या तक्रारींसाठी, सजगतेच्या सरावासाठी आणि कुटुंबीयांसाठीही स्वतंत्र अ‍ॅप्स निघाली. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, स्वीडन, नेदरलँड्स यांनी मूळ अ‍ॅप आपापल्या परिस्थितीला जुळवून घेतले. २०१३ मध्ये निदानाचे निकष बदलल्यावर मूळची १७ प्रश्नांची प्रश्नावली २० प्रश्नांची झाली.

भारतात या दिशेचे पाऊल फोनवरील संवादातून पडले. टेलिमानस या दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय सेवेचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यातील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात दोन वर्षांच्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. येथे पलीकडे माणूस असतो, हा मोठा फरक आहे. म्हणूनच आपल्या बोलण्याची नोंद कोणाकडे राहते आणि वरिष्ठांपर्यंत जाते का, हे फोन करणाऱ्या जवानाला संभाषणाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले जायला हवे.